दारातलं स्पॅनिश

बाईंनी निवृत्तीनंतर स्पॅनिश शिकायला घेतलं ते काही हौस म्हणून नाही. सून उशिरा येते, हे तिला तिच्याच भाषेत ऐकवता यावं म्हणून.

बाई बिस्किटांच्या कारखान्यात टाइमकीपर होत्या. सगळी हयात फाटकाजवळच्या काचेच्या खोलीत गेली. भोंगा वाजून गेल्यावर जो कोणी आत येईल त्याची वेळ लाल शाईने लिहायची, हे त्यांचं काम. घड्याळ एखादवेळ मागे पडेल पण बाई पडणार नाहीत, असं कामगार म्हणत. बाईंची पाठ वळली की ते आणखीही पुष्कळ काही म्हणत, पण ते असो.

नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा नोकरीसाठी लांब गेला आणि परत आला तो बायको घेऊन. पोरगी गोरीपान, हसरी, आणि स्पॅनिशखेरीज तिला दुसरं काही धड येत नव्हतं. मुलाचं काम लिफ्ट बसवायचं. सोमवारी गेला की शुक्रवारी रात्री उगवायचा. सुनेनेही लौकरच दातांच्या कवळ्या करणाऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली. म्हणजे पाच दिवस घरात दोन बायका, आणि दोघींच्या मध्ये एकही सामाईक शब्द नाही.

खरं सांगायचं तर सून बाईंना आवडली होती. एकटीने जेवून जेवून त्या कंटाळल्या होत्या, समोर दुसरं ताट आलं याचाच त्यांना आनंद होता. पण आवडलेल्या माणसाशी बोलायचं कसं, हे काही फाटकावर शिकवत नाहीत. त्यांना माणूस घड्याळावरूनच ओळखायची सवय. सून कामावरून सातच्या पुढे, म्हणजे उशिरा, येऊ लागली तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं, मग स्वतःच्या तोंडाकडे, आणि शिकव अशी खूण केली.

सुनेला केवढा आनंद झाला. तिने स्वयंपाकघरातलं घड्याळ खिळ्यावरून काढलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि मागची किल्ली फिरवून काटे नाचवायला सुरुवात केली. ‘के ओरा एस?’ म्हणजे किती वाजले. ‘सोन लास ओचो’ म्हणजे आठ. ‘ओचो मेनोस क्वार्तो’ म्हणजे आठात पाव कमी. अरे, हे तर आपलं पावणेआठ, असं म्हणून बाईंनी टेबलावर थाप मारली. मग सुनेलाही मराठी वेळ हवी झाली. सव्वा, साडे, पावणे तिने पटापट उचललं, पण साडेएक आणि साडेदोन म्हणायचं काही सोडेना. दीड आणि अडीच कुठून आले हे बाईंना तरी कुठे ठाऊक होतं? दोघी डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. त्या आठवड्यात त्या घरात जेवढं हसू झालं तेवढं मागच्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

घड्याळ संपल्यावर सून पुढच्या धड्याची तयारी करून आली. कागदावर तिने चित्रं काढली होती. पोटावर हात धरलेली बाई, थंडीने कुडकुडणारी बाई, मान टाकून बसलेली बाई. एकेका चित्रावर बोट ठेवून ती एकेक शब्द तीन-तीनदा म्हणत होती. बाईंनी हात हलवून पुरे म्हटलं आणि भाजी चिरायला घेतली. त्यांचं काम झालं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी बाई दारात उभ्या राहिल्या. सून जिना चढून आली तशी त्यांनी ठणठणीत आवाजात सांगितलं, ‘सोन लास सिएते ई क्वार्तो.’ म्हणजे सव्वासात. सुनेने टाळ्याच पिटल्या. उच्चार छान जमला म्हणून तिने सासूला पिशवीसकट मिठी मारली. बाणच फुकट गेला. बाई खांबासारख्या उभ्या, आणि मनात म्हणतात, हिला झालंय तरी काय?

पण बाई चिवट. रोज दारात, रोज आवाज थोडा वर, आणि कपाळावर आठी. चार-सहा दिवसांनी टाळ्या थांबल्या. मग हसू थांबलं. नंतर सून खाली मान घालून आत जायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. शनिवारी मुलाने विचारलं, ती येते तेव्हा तू दारात का उभी असतेस? तिनेच शिकवलंय, तेच म्हणून दाखवते, असं बाईंनी सांगितलं. मुलाने डोकं खाजवलं आणि विषय सोडून दिला. तो दोन भाषांचा दुभाषा होता, दोन बायकांचा नव्हता.

उशीर मात्र वाढतच गेला. साडेसात झाले, पावणेआठ झाले. एका रविवारी मुलाने जेवता जेवता सांगून टाकलं, की ती दोघं वेगळं घर बघताहेत, तिच्या कामाच्या जवळ. ही पोरगी माझा मुलगा तोडणार, आणि संध्याकाळची कुठे भटकते कोण जाणे, अशी पाल बाईंच्या मनात चुकचुकली.

मंगळवारी त्या चादरी घेऊन तळमजल्यावरच्या लाँड्रीत गेल्या. लाँड्रीवालीने आपण होऊनच विषय काढला.

“तुमची सून गुणाची हो. रोज सातच्या आत येते, इथे बाकावर बसते, मला घड्या घालू लागते. मी खुणेने सांगते, दमली असशील, वर जा. तर घड्याळाकडे बघते आणि बसूनच राहते.”

“इथे? रोज?”

“रोज. का बसते ते तुम्हाला ठाऊक. घर तुमचं.”

बाई चादरी तिथेच टाकून वर आल्या आणि खुर्चीत बसल्या. सुरुवातीचे काही दिवस सोडले तर सून उशिरा आलीच नव्हती. ती जिन्याखाली बसून उशीर करत होती, कारण वर दारात बाई होत्या. किती उशीर झाला हे बाईंनी जन्मभर लोकांना विचारलं, का झाला हे एकदाही विचारलं नाही. आज पहिल्यांदा त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती सांगायला घरात कोणी नव्हतं.

सुनेला काहीतरी म्हणायला हवं होतं, आजच. मुलगा शुक्रवारशिवाय येणार नव्हता, आणि हे मुलाच्या तोंडून सांगायचं नव्हतंच. चित्रातल्या, मान टाकून बसलेल्या बाईचा तो शब्द आठवायची त्यांनी खूप खटपट केली. दमलीस का, एवढंच विचारायचं होतं. सुनेने तीन-तीनदा म्हटलेल्या त्या शब्दाचं एक अक्षरही आठवेना. डोक्यात नुसते एक ते बारा आकडे फिरत होते.

शेवटी सात वाजून गेल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि त्या खाली गेल्या.

लाँड्रीच्या दारातूनच सून दिसली. बाकावर मांडी घालून बसली होती, उशांच्या खोळी घडी करत होती आणि स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती. घरात ती अशी गुणगुणते हे बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. बाईंना पाहिल्यावर गुणगुणणं तुटलं. खोळ बाजूला ठेवून ती उभी राहिली, भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने एकवार पाहिलं, आणि हळू आवाजात मराठीत म्हणाली,

“सव्वासात.”

उच्चार स्वच्छ होता, कुठे अडखळली नाही. कारखान्यात उशिरा आलेली माणसं काचेपुढे याच आवाजात बोलायची.

“बस गं,” बाई कशाबशा म्हणाल्या. “तू बस.”

तेवढं मराठी सुनेला कळत होतं. पिशवी मांडीवर घेऊन, गुडघे जुळवून ती बाकाच्या अगदी टोकाला टेकली. सासूने बस म्हटलं म्हणून ती बसली.