आलं? आलं.

ओली चादर झोपलेल्या मुलासारखी जड असते.

साहेबांना प्रत्येक कामगाराचा वाढदिवस पाठ होता.

एका घरात दोन बायका. मीठ संपलं हे एकीने दुसरीला सांगायचं, तेही छोट्या मुलीच्या तोंडून.

हिरव्या दिव्याला आवाज नसतो.

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांशेजारी का ठेवले, ते आता सांगतो. मी एक जुना रूळ आहे. धुलाई कारखान्यातला, चादरी दाबून वाळवणारा गरम रूळ. माझ्या अंगातून सारखी वाफ निघते, मी फुसफुसतो, म्हणून सगळे मला रेडा म्हणतात. मला घडवणाऱ्यांनी माझ्यावर मोठी पत्र्याची छत्री बसवली. त्यामुळे माझ्या एका बाजूने चादर आत सोडणारीला दुसऱ्या बाजूने ती ओढून घेणारी दिसत नाही. मध्ये मी, पत्रा आणि वाफ.

म्हणून बोलावं लागायचं. चादरीचं टोक आत सोडलं की अलीकडची विचारायची, "आलं?" टोक बाहेर आलं की पलीकडची म्हणायची, "आलं." मगच पुढची चादर सोडायची. नाहीतर चादर माझ्या पोटात गुंडाळली जाते आणि दोन तास वाया जातात.

ही पद्धत अक्काने घालून दिली. अक्का म्हणजे आमची मुकादम. तोंडाची फटकळ. कोणी पाठ धरून उभी राहिली तर अक्का तिला बाजूला ढकलायची, "सर, तुझी कंबर बघवत नाही मला," म्हणत स्वतः चादरीचं टोक धरायची, आणि वर तिलाच चार शब्द ऐकवायची.

त्या घरातल्या दोन बायका म्हणजे नणंद आणि भावजय. दोघी इथेच कामाला. नणंदेचा धाकटा भाऊ, म्हणजे भावजयीचा नवरा, अचानक गेला. डॉक्टरला वेळेवर बोलावलं नाही, असं भावजय म्हणाली. त्या वेळी जागी होती ती नणंद. तेव्हापासून घरात अबोला.

अक्काने दोघींना माझ्या दोन बाजूंना उभं केलं. म्हणाली, "घरी तोंडं फुगवून बसा, मला घेणंदेणं नाही. इथे आवाज निघाला पाहिजे."

सुरुवातीला दोघींचा आवाज दगडासारखा होता.

आलं?

आलं.

आलं?

आलं.

मग एकदा एक चादर अडकली. नणंद विचारतेय, पुन्हा विचारतेय, उत्तर नाही. तिने वैतागून चौथ्यांदा विचारलं, "अगं, आलं का?"

वाफेतून भावजयीचा आवाज आला, "आलं नाही, लसूण आहे."

मग नणंद म्हणाली, "मग सोलून ठेव." आणि पलीकडे भावजय हसली. मित्रांनो, मी कितीतरी चादरी सरळ केल्या, पण त्या दिवशी माझ्यातून काहीतरी जास्त सरळ होऊन बाहेर पडल्यासारखं मला वाटलं.

त्यानंतर "आलं"ला शेपटं फुटू लागली. "आलं, पण ओलं आहे." "आलं, मुलीला खोकला आहे, संध्याकाळी काढा करा." तोंड दिसत नसलं की माणसाला बोलणं सोपं जात असावं.

नणंद सकाळी मला तापवायला सगळ्यांच्या आधी यायची. तेव्हा ती वाफेशी एकटीच बोलायची. तालीमच म्हणा. "अगं, मी निघालेच होते डॉक्टरकडे. त्यानेच हात धरला माझा. म्हणाला, ताई, थांब, दार वाजलं तर ही उठेल, दिवसभर दमलीय." मग स्वतःच मान हलवायची. खरं सांगावं तर भावजय आयुष्यभर आपल्या झोपेला दोष देणार. न सांगावं तर खापर आपल्याच डोक्यावर. तरी तालीम चालू होती. एका सकाळी ती म्हणाली, "सांगते आता. ह्या आठवड्यात सांगतेच."

त्याच आठवड्यात अक्का निवृत्त झाली आणि साहेब आले.

साहेब वाईट नव्हते. कधी आवाज चढवला नाही. ते काचेच्या खोलीतून सगळं बघायचे आणि कोण किती वेगाने काम करतं ते त्यांना नेमकं माहीत असायचं. माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारलं, "ह्या दोघी इथेच का?" कोणालाच सांगता आलं नाही. अक्काने कारण बाकी कोणाला सांगितलंच नव्हतं, आणि घरातला अबोला त्या दोघी साहेबांना सांगणार नव्हत्या.

त्यांनी एका बाजूला बटण बसवलं, दुसऱ्या बाजूला हिरवा दिवा. "टोक आलं की बटण दाबायचं. दिवा लागला की पुढची चादर. बोलण्यात वेळ जातो."

नणंद म्हणाली, "साहेब, ते बोलणं नाही, ते कामच आहे."

"तेच काम दिवा करेल, ताई. तुमचा घसाही वाचेल."

चादरी वाढल्या. ते मी लपवणार नाही.

हिरवा.

हिरवा.

हिरवा.

सकाळची तालीमही थांबली. कोणासाठी करायची? घरी तर समोर तोंड असतं.

काही महिन्यांनी भावजयीने नोकरी सोडली. मुलीला घेऊन कायमची माहेरी निघाली होती. साहेबांनी विचारलं, "कारण?" ती म्हणाली, "घरगुती." साहेब म्हणाले, "काळजी घ्या," आणि तिच्या जागी नवी बाई नेमली. त्यात त्यांची काही चूक झाली असं मला म्हणता येत नाही. त्यांना जे ठाऊक होतं, ते सगळं त्यांनी नीट केलं.

शेवटच्या दिवशी शेवटची चादर गेली. माझी आच कमी झाली. नणंद हात पुसत होती. भावजय पलीकडे उभीच राहिली. मग तिने बटण दाबलं. आत चादर नव्हती. दिवा लागला. विझला. तिने पुन्हा दाबलं आणि दाबून धरलं.

नणंद दिव्याकडे बघत राहिली. मग तिने दुरुस्तीवाल्याला हाक मारली.

"बघा हो जरा. दिवा आपोआप लागतोय."

तो पान्हा घेऊन येईपर्यंत पलीकडे कोणी नव्हतं. त्याने तार घट्ट केली.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना तेल घाला, त्यांना गंजू देऊ नका, असं सांगून मी थांबायला हवं. तेल घालाच. पण उद्या तुमच्या हाताखाली माणसं आली, तर त्यांचा वेग मोजण्याआधी ती एकमेकांना काय म्हणतात ते जवळ उभं राहून ऐका. माझं ऐकून काही बदलेल असं मला वाटत नाही. आता माझ्या दोन बाजूंना दोन नव्या बाया असतात. त्या बहुधा एकमेकींना ओळखत नाहीत.

अक्का असताना एकदा "आलं" यायला उशीर झाला, तेव्हा नणंद हातातली चादर टाकून पलीकडे धावली होती. भावजय चक्कर येऊन जमिनीवर बसली होती.