आबांनी झरा झाडला

सातपुड्यातला माझा झरा आडदांड आहे. सरळ वाहणं त्याला ठाऊकच नाही. सागाची पानं अडवतो, पडलेलं झाड आडवं घेऊन मागे डोह करतो, मग खालच्या दगडांवर उडी टाकतो. मी त्या पानांचा आणि लाकडांचाच अभ्यास करते. गावातल्या बायका म्हणतात, मयुरी एवढं शिकली आणि कचरा उचकते. म्हणू देत.

झरा कायमचं संशोधन क्षेत्र करायचा का, हे ठरवायला एका सकाळी वनखात्याची समिती येणार होती. तिनं नकार दिला तर माझं काम तिथंच बंद. मी आधी जाऊन पाहिलं आणि डोकंच फिरलं. खालचा पट्टा लख्ख! पानं नाहीत, ओंडके काठावर रचलेले, डोह वाहून गेलेला. मधोमध फावडं घेऊन घामाघूम उभे माझे वडील, सुपडूआबा. केळीच्या बागेत पाहुणे येणार असले की आधी पाट साफ करायचा, ही आमच्या घरची रीत.

"आबा, हाई काय करं तुम्ही!"

"बठ्ठा कचरा काढी टाका," सगळा झरा साफ केल्याच्या खुशीत आबा म्हणाले.

त्या कचऱ्यावर किडे जगतात आणि किड्यांवर मासे, हे मी तावातावानं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात समिती पोचली. प्रमुख अनवरी मॅडम. "हे कुणी केलं?"

गावातल्या कुणावर तरी ढकलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण आबाच पुढे झाले.

"मीच काढा कचरा. पोरगीना घर पाव्हना येनार, मंग तसाच कसा ठेवू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. "माझे वडील आहेत," मी ताठ मानेनं म्हणाले. "आता वर चला."

वरच्या पट्ट्याला आबांचं फावडं लागलं नव्हतं. तिथली ओंजळभर पानं मी पांढऱ्या ट्रेमध्ये झटकली. किडे, झिंगे, इवलासा खेकडा, सगळी वळवळ. खालच्या पट्ट्यातून दुसरा ट्रे भरला. त्यात नुसती वाळू. मॅडमनी दोन्ही ट्रे शेजारी ठेवले आणि वाकून पाहिले.

"मंजुरी देतो आम्ही," त्या म्हणाल्या. "आबांचा पट्टा मात्र असाच राहू द्या. तुलनेला असा पट्टा मिळत नाही."

मंजुरी मिळाली आणि त्यांचा साफ पट्टाही कामाला आला, हे मी आबांना समजावून सांगितलं. त्यांनी फावडं खांद्यावर टाकलं आणि उतरताना, मॅडमना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जंगल सरकारनं शे. झरा मनी पोरगीना."