मधल्या वाटेवरचा माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. जुना म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे आणि मानेवरचा काळा रंग लोकांच्या घामेजल्या हातांनी उडाला आहे. पण माझ्यासमोर कोणी नुसता आवंढा गिळला तरी तो शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जातो. फुशारकी वाटली तर वाटू द्या, खरे आहे ते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्या पोटात केसासारखी बारीक तार गुंडाळली, एकीने "हॅलो, हॅलो" म्हणून पाहिले आणि मला खोक्यात घातले. मला वाटत होते, आपण गाण्याच्या मैफलीत जाणार. नशिबात भलतेच होते. मला विकत घेतले ते इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या एका संस्थेने.

तुम्ही म्हणाल, नावांचा कसला आलाय कारभार! तर ऐका. इंटरनेटवर तुम्ही एखादे दुकान किंवा शाळा शोधता, तेव्हा तिचे नाव टाइप करता. ते नाव एकाचेच असावे लागते. दोघांचे एकच नाव झाले, तर दुकानाऐवजी तुम्ही दवाखान्यात जाऊन पोहोचाल. म्हणून कोणते नाव कोणाचे, हे कोणीतरी सांभाळावे लागते. आमच्या संस्थेचा नियम साधा होता. जो आधी मागेल, त्याला ते नाव. मग तो कारखानदार असो की रद्दीवाला.

सभागृहात माझी जागा खुर्च्यांमधल्या वाटेवर होती. व्यासपीठावरच्या साहेबांचे माइक वेगळे, पाण्याच्या पेल्यांशेजारी ऐटीत बसलेले. मी मात्र सगळ्यांचा. ज्याला काही म्हणायचे असेल त्याने, मग तो सभासद असो वा नसो, माझ्यामागे रांग लावायची आणि दोन मिनिटे बोलायचे. रांग संपली की मला बंद करत आणि मग निर्णय होई. तोही कसा? हात वर करायचे नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत. अध्यक्ष म्हणत, "ज्यांना पटतंय त्यांनी हुंकार द्या." पटणारे तोंड मिटून "हंऽऽ" करत. मग न पटणारे करत. ज्या बाजूचा हुंकार भरदार, तिचे म्हणणे मान्य. हसू नका. तोंड मिटलेले असले की कोण कोणत्या बाजूचे ते साहेबांना दिसत नाही, आणि साध्या नोकरदारालाही मनातले सांगता येते.

ही गोष्ट आमच्या संस्थेतल्या एका बाईंची. त्या माझ्यासमोर पहिल्यांदा आल्या तेव्हा नुकत्याच नोकरीला लागलेल्या इंजिनियर होत्या. त्यांनी माझी मान अशी आवळली की मला वाटले, आता उपटतातच.

"सगळी नावं एकाच खोलीतल्या यंत्रात आहेत," त्या म्हणाल्या. "त्या खोलीला आग लागली तर?"

मुख्य साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुम्ही कोण?"

"गच्चीखालच्या खोलीतली. तिथं पंखा नाही, म्हणून आगीचा विचार येतो."

सभागृह खदखदून हसले. पण पुढे दुसऱ्या शहरात दुसरे यंत्र बसले, आणि बाईंच्या खोलीत पंखाही लागला.

मग बाई चढत गेल्या. विभागप्रमुख झाल्या, उपसंचालक झाल्या. देशोदेशीच्या बैठकांना जाऊन वकिलांशी भांडून आल्या. तेव्हा ही नावे एकाच परक्या लिपीत लिहावी लागत. "ज्याला ती लिपी येत नाही त्यानं काय इंटरनेट खिडकीतून बघायचं?" असे त्या माझ्यापुढे कितीदा म्हणाल्या असतील! शेवटी आपल्या लिपीत नावे लिहिता येऊ लागली. त्या संस्थेच्या मुख्याधिकारी झाल्या, पण बोलायचे असले की व्यासपीठावरून उतरून माझ्यामागच्या रांगेत उभ्या राहत. लोक त्यांना रांगवाल्या बाईच म्हणू लागले. एकदा त्यांची लेक सभेला आली होती. माझ्याजवळच्या खुर्चीवर बसून शेजारणीला हळूच म्हणाली, "आई घरीसुद्धा आम्हाला आंघोळीला रांगेत उभं करते." मी चालू होतो. सगळ्या सभागृहाने ते ऐकले, आणि सगळ्यात जास्त बाईच हसल्या.

आता खरी गोष्ट सांगतो.

छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका छत्रीवालीने फार आधी 'छत्री' हे नाव घेतले होते. पुढे एक बलाढ्य विमा कंपनी निघाली. तिचेही नाव छत्री. कंपनीला इंटरनेटवर तेच नाव हवे होते. छत्रीवाली देईना, तेव्हा कंपनीने नियमच बदलायचा घाट घातला. ज्याचा पसारा मोठा, त्याला नाव. अध्यक्ष कंपनीच्या बाजूने झुकले होते, आणि बाईंची मुदतवाढ त्यांच्याच हातात होती. सभेआधी ते बाईंना माझ्याजवळच म्हणाले, "जरा सांभाळून घ्या. पुढच्या महिन्यात तुमचा विषय आहे." त्यांना वाटले, माइक बंद आहे. बंद होतोच, पण बहिरा नव्हतो.

सभेच्या दिवशी कंपनीच्या लोकांनी सकाळीच येऊन पुढच्या रांगा धरल्या. छत्रीवाली दुकानाला कुलूप लावून आली होती.

"माझं दुकान दोनदा हललं," ती म्हणाली. "नाव हललं नाही, म्हणून गिऱ्हाईक टिकलं. आता नावच गेलं तर मी लोकांना सापडणार कशी?" तिची दोन मिनिटे पुरी व्हायच्या आतच तिचा आवाज बसला आणि ती बाजूला झाली. मला फार वाईट वाटले. आवाज मोठा करणे माझे काम, पण आवाजच नसेल तर मी काय करणार?

मला बंद केले गेले. नियम बदलावा म्हणणाऱ्यांचा हुंकार झाला. पुढच्या रांगांनी असा जोर लावला की व्यासपीठावरचे पेले थरथरले. बदलू नये म्हणणारे बहुतेक मागे होते. त्यांचा हुंकार व्यासपीठापर्यंत जेमतेम पोहोचला. "निकाल स्पष्ट आहे," अध्यक्ष म्हणाले.

तेवढ्यात बाई उठल्या. पायऱ्या उतरून माझ्यासमोर आल्या आणि माइक-कर्णे सांभाळणाऱ्या ध्वनिवाल्याला मला सुरू करायला सांगितले.

"अध्यक्षसाहेब, तुमच्या कानांवर माझा विश्वास आहे. पण ते कान पुढच्या रांगेजवळ आहेत. हा माइक मधोमध आहे. हा चालू ठेवून पुन्हा हुंकार घ्या."

"असं आजवर कधी झालेलं नाही."

"आजवर पुढच्या रांगा सकाळपासून भरलेल्याही नव्हत्या."

मागे हशा पिकला. भर सभेत नाही म्हणणे अध्यक्षांना जमेना. बाई माझ्यापासून दूर जाऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. "माझा श्वासही मध्ये यायला नको," म्हणाल्या.

पुढच्या रांगांचा हुंकार आला. मोठा होता, मी नाही म्हणत नाही. मग मागचा आला. मधल्या खुर्च्यांवरचे कारकून, त्यांच्यामागे दुकानदार, शिक्षक, पार दाराशी उभे असलेले लोक, सगळ्यांनी मिळून छाती भरून दिलेला. तो माझ्या जाळीतून शिरला आणि भिंतीवरच्या कर्ण्यांतून बाहेर पडला. पुढच्या रांगेतले लोक वळून मागे पाहू लागले. ध्वनिवाल्याच्या टेबलावरचा आवाज मोजणारा काटा सरळ टोकाला जाऊन टेकला. मैफलीचे वेड माझ्या डोक्यातून गेले ते त्या क्षणी.

नियम तसाच राहिला, नाव छत्रीवालीकडे राहिले. पुढच्या महिन्यात बाईंची मुदत मात्र वाढली नाही. जाताना त्या रिकाम्या सभागृहात आल्या.

"वाईट वाटतंय का हो, बाई?" ध्वनिवाल्याने विचारले.

"वाटतंय ना. खुर्ची आवडायची मला," त्या म्हणाल्या. "पण तिचं दुकान चालू आहे. मी त्याचसाठी खुर्चीत बसले होते."

नंतर सभागृह नवे झाले. सभासदांच्या खुर्च्यांना बटणे लागली, हुंकार बंद झाला. मला प्रवेशदालनातल्या काचेच्या कपाटात ठेवले आणि शेजारी पाटी लावली. माझे खूप कौतुक झाले. रोज कोणीतरी काच पुसायचे. पण माझ्याशी कोणी बोलत नव्हते. मित्रांनो, धूळ परवडली, पण ते लखलखीत एकटेपण नको.

परवा अशी बातमी पसरली की सभेत सभासद नसलेल्यांचे बोलणेच संस्था बंद करणार. आज सभा आहे. सकाळी केस पिकलेल्या बाई आल्या आणि कपाटापुढे थांबल्या.

"याची तार कुठाय?"

"बाई, तो आता शोभेला ठेवलाय," ध्वनिवाला म्हणाला.

"शोभेची तर मीपण झालेय. बोलते ना तरी?"

तो तार शोधायला पळाला.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला टपल्या मारू नका, त्याची तार ओढू नका. पण काचेत ठेवून त्याला जपूही नका. मागच्या बाकावरच्या कोणाला काही म्हणायचे असेल, तर माइक तिथपर्यंत नेऊन सुरू करा. आम्हाला जपायची तेवढीच एक रीत आहे.

आता जरा बाजूला व्हा. बाई माझ्यासमोर येऊन उभ्या आहेत आणि त्यांच्यामागची रांग पार दाराबाहेर गेली आहे.