उजवी पाकळी

श्रावणातला सोमवार होता. आमच्या सांगलीच्या देवळात झाडलोट करणारी धोंडुबाई म्हणाली, "आजच कौल लाव. उपाशी बाईचं देवी लय ऐकती."

कौल यांनीच लावायला सांगितला होता. हे पूर्वी कुपवाडच्या कारखान्यात दूध थंड ठेवायच्या टाक्यांचे आराखडे काढायचे. मुंबईला गेले त्याला तीन वर्षं झाली. नैसर्गिक वायू अतिथंड करून पातळ करतात आणि जहाजातून परदेशाहून आणतात. तो उतरवायचे धक्के आखणं हे यांचं काम. मनात मात्र निराळंच. किनाऱ्याला धक्का बांधायचाच नाही. भर समुद्रात एक मोठं जहाज कायमचं नांगरायचं, त्यावरच पातळाचा पुन्हा वायू करायचा आणि नळातून किनाऱ्यावर आणायचा. वारा फिरेल तसं जहाज नांगराभोवती फिरणार. दिवाळीला आले तेव्हा ताटाभोवतीच्या रांगोळीत बोट फिरवून मला ते दाखवत बसले. आमटी निवली तरी थांबेनात.

रविवारी फोन आला. साहेबांनी दोन कामं पुढे ठेवली होती. एक रत्नागिरीचा साधा धक्का. तिथं घर मिळणार, मला नेता येणार. नाहीतर दोन वर्षं नॉर्वे, त्या जहाजाच्या आराखड्यावर, एकट्यानं.

"नॉर्वेला जाऊ का, एवढं विचार देवीला."

"कौलाला तर तुम्ही हसता."

"आता नाही हसत गं."

देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार. हात जोडले, डोळे मिटले, आणि मनात आलं ते भलतंच: रत्नागिरीला नेतील ना मला?

"पडली बघ उजवी!" धोंडुबाईनं टाळीच वाजवली. "तुझं काम झालं, पोरी."

कोपऱ्यावरच्या बूथमधून फोन लावला. "उजवी का डावी?" यांनी आधी तेच विचारलं.

"उजवी. पण अहो, मी..."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" हे एवढ्यानं ओरडले की बूथवाल्यालाही ऐकू गेलं. कुपवाड सोडल्यापासून यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"वल्लरी, दोनच वर्षं गं."

"कानटोपी विणून पाठवते," मी म्हटलं. "तिकडे थंडी फार असेल."

"आणि माझ्या नावानं देवीची ओटी भर."

लगेच जाऊन भरली. नारळ ठेवताना देवीकडे वर बघवेना. तिनं तर मला होच म्हटलं होतं.