आत घेतलेल्या बाह्या

शिंपीकामात आयुष्य गेलेल्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत, अगदी बायकोसुद्धा. यकृताच्या कॅन्सरने गाठलं तरी मास्तरांची ऐट सुटली नव्हती. दवाखान्यात काट्यावर उभे राहून नर्सला ऐकवायचे, वजन बघा, जागच्या जागी.

खरी गोष्ट डॉक्टरीणबाईंनी बायकोला बाजूला घेऊन सांगितली होती. काट्यावर दिसतं ते पोटात साठलेलं पाणी. हातापायांचं मांस मात्र झडतंय. दुखणं बरं होणारं नाही, पण अंगात मांस टिकलं तर माणूस औषध सोसतो, सहसा जास्त जगतो. म्हणून खाऊ घाला, थोडं चालवा. बायकोनेच हात जोडले, की त्यांना हे सांगू नका, हाय खातील.

मग तिने शिंप्याच्या बायकोला सुचेल तेच केलं. मास्तर दुपारी झोपले की त्यांच्या शर्टाच्या बाह्या, पँटचे पाय आतून नवी शिवण घालून अरुंद करायची. कपडा अंगावर लोंबला नाही, तर त्यांना कळणार कसं? कळलं नाहीच. पण करायला गेली एक आणि झालं भलतंच. कपडे चपखल बसतायत म्हटल्यावर मास्तर ताट बाजूला सारू लागले. मी आहे तसाच आहे, भूक नसताना कशाला कोंबतेस, म्हणायचे. बिचारीची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली.

एका सकाळी बटण तुटलं म्हणून मास्तरांनी बाही उलटी केली. स्वतःच्या हातची शिवण त्यांनी ओळखली. तिच्या आत दोन बोटांवर दुसरी होती, बायकोच्या हातची. त्यांनी हाक मारली. तिने रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"जादाचं कापड कापलं का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही पुन्हा भराल म्हणून."

मास्तरांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग छोटी कात्री घेऊन तिचा एकेक टाका उसवला. तिला हात लावू दिला नाही. शर्ट चढवला. बाही लोंबली. आरशात त्यांनी आपला दंड पहिल्यांदा नीट पाहिला.

"अगं, मापच लपवलंस तर शिंप्याने करायचं काय?" ते म्हणाले. "आण ते ताट."

प्रत्येक घास जड जात होता. ती समोर बसून राहिली. निम्मं ताट संपल्यावर मास्तर उठले आणि सैल बाहीतला हात तिच्या खांद्यावर ठेवून दारापर्यंत चालत गेले.