हिरेबावीचे हिरे

मित्रांनो, मला एकच डोळा आहे आणि तोही मला स्वतःहून वळवता येत नाही. कोणीतरी मला तिपाईवर बसवतो, माझे तोंड हव्या त्या दिशेला करतो आणि माझ्या कुशीतला पितळी दांडा फिरवू लागतो. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्याला आठ चित्रे, म्हणजे सेकंदाला सोळा. समोर जे असेल ते मी फितीवर उतरवतो. जे समोर नसेल ते माझ्यापुरते घडलेलेच नसते.

मी हलती चित्रे टिपणारा एक जुना कॅमेरा आहे. माझा जन्म विलायतेतला. सागवानी पेटी, पितळी कोपरे आणि आत घड्याळासारखी दातेरी चाके घेऊन मी बोटीतून आलो. पुण्याची एक चित्रपट कंपनी बंद पडली तेव्हा सोलापूरच्या कुंडलिकराव फोटोग्राफरांनी मला उचलले. ते मूळचे माळशिरसकडचे. मंगळवार पेठेत त्यांचे फोटोचे दुकान होते. खुर्चीवर बसलेला नवरा आणि मागे उभी असलेली बायको, असे स्थिर फोटो काढून ते कंटाळले होते.

पहिली दोन वर्षे फार आनंदात गेली. गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे, गिरणीचा भोंगा झाल्यावर दरवाजातून लोटणारी माणसे, तळ्यात डुंबणाऱ्या म्हशी, असे सगळे मी टिपले. लोक पडद्यावर स्वतःला शोधत आणि सापडले की शेजाऱ्याला कोपराने ढोसत. तेव्हा मला कोणी खोटा म्हटले नाही, कारण तोवर मला कोणी काही शिकवले नव्हते.

मग एकोणीसशे अठ्ठावीसच्या थंडीत कुंडलिकरावांना इतिहासाचे वेड लागले. दुधनीपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात दगडी पायऱ्यांची एक सुंदर विहीर होती. तिथे एक बाई पाणी भरत होती. तिचे नाव रंभाबाई. लग्न होऊन आल्यापासून चाळीस वर्षे ती त्याच पायऱ्या उतरत आणि चढत होती. कुंडलिकरावांनी तिला विहिरीचे नाव विचारले. ती म्हणाली, हिरेबावी. कुंडलिकरावांनी वहीत लिहिले, 'हिरे'. त्यापुढे एक उद्गारचिन्ह काढले आणि पुढे काही विचारलेच नाही.

त्या उद्गारचिन्हातून एक राणी जन्माला आली. शत्रू चालून आला, राणीच्या सेनापतीने शर्थ केली, पण वेढा फुटेना. तेव्हा राणीने आपले हिरे विहिरीत टाकले आणि भुयारातून निघून गेली. राणी कोणत्या घराण्याची आणि भुयार कुठे आहे, हे कुंडलिकरावांना ठाऊक नव्हते. पण चित्राच्या आरंभीच्या पाटीवर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले : 'यातील प्रत्येक गोष्ट जशी घडली तशी.'

ती कशी घडली ते मी सांगतो, कारण मी तिथे होतो. राणी झाला बिरदेव. तो नाटक कंपनीत बायकांची कामे करायचा, आणि दुपार झाली की त्याच्या दाढीचे खुंट पदराखालून दिसू लागत, म्हणून राणीचे सगळे काम सकाळी उरकावे लागे. सेनापती झाले गावचे पाटील आबासाहेब. त्यांच्याकडे घोडी होती आणि मिशा होत्या. घोडी एकूण पाच. ती माझ्यासमोरून धावत जात, लिंबाच्या झाडामागून वळून पुन्हा समोर येत. असे वीस फेरे झाले. पडद्यावर शंभर घोडी दिसली.

हिरे मात्र शेवटच्या दिवशी टाकले. आबासाहेब त्या दिवशी अक्कलकोटला गेले होते आणि गाव कामावर होते. सोलापूरच्या बाजारातून आणलेले काचेचे मणी बिरदेवने पुडीतून ओंजळीत घेतले आणि विहिरीत सोडले. उन्हात ते असे चमकले की माझाही डोळा दिपला. ही गोष्ट तिघांनाच माहीत होती : कुंडलिकरावांना, बिरदेवला आणि मला.

एक खरी गोष्ट राहिली. चाचणीसाठी फितीचे छोटे तुकडे कुंडलिकराव तिथेच धुऊन बघत. सोलापूरच्या नळापेक्षा हिरेबावीचे पाणी नितळ आहे, फितीवर एक कण राहत नाही, असे ते रंभाबाईला म्हणाले होते. तिला ते ऐकून फार बरे वाटले होते.

चित्र खूप गाजले. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, सगळीकडे दाखवले. पडद्याशेजारी स्टुलावर मला हार घालून ठेवत. कुंडलिकरावांना फेटे बांधले गेले आणि लोक त्यांना इतिहाससंशोधक म्हणू लागले. दुधनीच्या खेळाला अख्खे गाव बैलगाड्यांतून आले. राणीने हिरे टाकले तेव्हा रंभाबाईसुद्धा रडली. मित्रांनो, खरे सांगतो, मला तेव्हा फार मोठे झाल्यासारखे वाटले.

चैत्रात एका सकाळी दुधनीच्या गाडीने रंभाबाई सोलापुरात आली. विचारत विचारत तिने दुकान गाठले. तिच्या हातात झाकण लावलेला तांब्या होता. तिने तो माझ्या शेजारी टेबलावर ठेवला आणि झाकण काढले. आत गढूळ, पिवळट पाणी होते.

"ह्यात धुवा की तुमचं चित्र," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळे कळले. चित्र पाहून लांबून लांबून लोक येऊ लागले होते. पहारी घालून त्यांनी पायऱ्यांचे अकरा दगड उखडले. गाळ ढवळून ढवळून पाण्याचा चिखल झाला. तेवढ्यात एकाला गाळात चमकणारा खडा सापडला. आबासाहेबांनी तो ताब्यात घेऊन चांदीच्या करंड्यात देवापुढे ठेवला, आणि आता येत्या अक्षय तृतीयेला विहीर उपसून तळाच्या खडकाला सुरुंग लावायचा बेत ठरला. पूर्वेच्या कपारीतून झरा येतो. खडक फुटला तर झरा कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नव्हते. त्या गावाला प्यायला दुसरे पाणी नव्हते. शेजारची धाकटी विहीर माघातच आटे.

खडा सापडला हे ऐकून कुंडलिकराव आधी हसले आणि मग त्यांना ती पुडी आठवली.

"मावशी, तो खडा काचेचा आहे," ते म्हणाले. "आम्हीच टाकला होता."

"मग तुमीच काडा," रंभाबाई म्हणाली. "तुमी टाकलेलं हिरं आमी का धुंडायचं?"

थोड्या वेळाने कुंडलिकरावांनी चाचरत विचारले, की मग विहिरीला हिरेबावी का म्हणतात. रंभाबाईने अर्थ सांगितला. दुधनीकडे घरात मराठी आणि बाजारात कानडी चालते, आणि माळशिरसकडच्या कुंडलिकरावांना कानडी येत नव्हती. कानडीत हिरे म्हणजे थोरला आणि बावी म्हणजे विहीर. थोरली विहीर, एवढाच त्याचा अर्थ.

"नाव मीच सांगितलं तुमास्नी," ती म्हणाली. "अर्थ इचारला असता तर त्योबी सांगितला असता की. फुकटच व्हता."

कुंडलिकरावांपुढे मोठा पेच पडला. खरे सांगावे तर फेटे उतरणार आणि सगळा जिल्हा हसणार. न सांगावे तर गाव तहानेने मरणार. त्यांनी तांब्यात बोट बुडवून उजेडात धरले. फोटोग्राफरला गढूळ पाणी म्हणजे काय ते कोणी सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाच्या तळातला पत्र्याचा डबा काढला. त्यात नापास तुकडे होते. चित्र जोडताना कापून टाकलेल्या फिती. दोन दिवस खपून त्यांनी त्या छापल्या आणि मूळ चित्रात जागच्या जागी जोडल्या. मग मला पेटीत घालून अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी ते गावात पोचले. पुन्हा खेळ करायचा म्हटल्यावर आबासाहेबांनी आपली धान्याची वखार आनंदाने रिकामी करून दिली. भर दुपारी दारे लावून अंधार केला, पडद्यावर चित्र फेकणाऱ्या यंत्रात कार्बाइडचा दिवा पेटला, आणि आबासाहेब फेटा बांधून सगळ्यांत पुढे बसले. आपण पुन्हा पडद्यावर दिसणार एवढेच त्यांना माहीत होते.

'यातील प्रत्येक गोष्ट जशी घडली तशी' ही पाटी आली. कुंडलिकराव पडद्याशेजारी उभे होते. ते म्हणाले, "मंडळी, ही पाटी मी लिहिली. ही खोटी आहे. आता बघा."

घोडी धावू लागली. गावच्या शाळेचे गुरप्पा मास्तर मागच्या बाकावरून बोटांवर मोजत होते. पुढच्या दोन पायांनी पांढरी असलेली एकच घोडी नऊ वेळा गेली, असे त्यांनी जाहीर केले. मग नापास तुकडा आला. त्यात घोडी लिंबाच्या झाडामागून घाईघाईने वळताना दिसत होती. लोक खो खो हसू लागले. पुढच्या तुकड्यात राणीसाहेब पायरीवर बसून बिडी ओढत होत्या. त्यापुढच्या तुकड्यात सेनापतींना घोडी चढू देईना आणि दोघे गडी त्यांना मागून ढकलत होते. वखारीत असा गलका झाला की पाखरे उडाली.

शेवटी बिरदेव दिसला. हातात कागदाची पुडी. पुडीवर दुकानदाराचा शिक्का. पुडीतून मणी ओंजळीत, ओंजळीतून विहिरीत.

आबासाहेब उभे राहिले. ते म्हणाले, हे काही असो, पण राणी होती. आपले पणजोबा राणीचे सेनापती होते. सगळ्या जिल्ह्याने ते पडद्यावर पाहिले आहे.

"आबासाहेब," रंभाबाई हळूच म्हणाली, "पडद्यावर तुमीच व्हता की."

मला आबासाहेबांचा राग आला नाही. स्वतःच स्वतःचा पणजोबा होणे फार सुखाचे असावे. चार महिने ते त्या सुखात होते.

तरी त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. मग विहिरीचे नाव हिरेबावी कसे, असे त्यांनी विचारले. आता गुरप्पा मास्तर पुढे आले. त्यांचे आडनाव हिरेमठ.

"पाटील, माझं घर उघडं हाय," ते म्हणाले. "हिरेमठात येक तरी हिरा सापडला तर अर्धा तुमचा. आनि पलीकडं चिक्कबावी हाय. तितं काय राणीनं म्हशीचा चीक वतला व्हय?"

चिक्क म्हणजे धाकटा, हे तिथे पाळण्यातल्या पोरालाही माहीत होते. आधी आबासाहेबांच्या मिशा हलल्या, मग पोट हलले, आणि मग ते सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. गंमत अशी, की हिरे म्हणजे थोरला हे त्यांनाही जन्मापासून ठाऊक होते. पण पडदा उजळला की आपले रोजचे शहाणपण अंधारात बसते.

दुसऱ्या दिवशी विहीर उपसली नाही. अकरा दगड पुन्हा बसवले गेले आणि पहिला दगड आबासाहेबांनी खांद्यावरून नेला. त्या दिवशी कुंडलिकरावांनी मला विहिरीच्या काठावर उभे केले आणि एक नवी फीत भरली. पायऱ्या एक्केचाळीस, पाणी बावीस हात खोल, झरा पूर्वेला. जे मोजता आले ते सगळे टिपले. रंभाबाईला नाव आणि त्याचा अर्थ एका पाटीवर लिहून धरायला दिला. तिला वाचता येत नव्हते, म्हणून तिने आधी मास्तरांकडून ते दोनदा वाचून घेतले आणि मगच पाटी हातात धरली. या चित्राची शेवटची पाटी अशी होती : 'ही विहीर कोणी बांधली ते आम्हाला माहीत नाही.'

हे चित्र पहिल्याइतके गाजले नाही. बार्शीत तर लोकांनी राणी कुठे आहे म्हणून आरडाओरडा केला. पण गावात शेवटची पाटी आली की मुले टाळ्या वाजवत, का ते मला अजून नीट कळलेले नाही.

पुढे बोलपट आले. माझ्यासारख्या मुक्याला कोण विचारतो? काही वर्षे मी दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडलो. माझ्या चाकांत कोळ्यांनी संसार मांडले. शेवटी कुंडलिकरावांनी मला गुरप्पा मास्तरांच्या शाळेला देऊन टाकले. आता मी नकाशांच्या कपाटात असतो. शनिवारी मास्तर मला बाहेर काढतात, मुलांना माझ्या डोळ्याला डोळा लावू देतात आणि विचारतात, "काय दिसतंय?" मुले सांगतात. मग मास्तर विचारतात, "आनि काय दिसत न्हाय?" त्या वेळी वर्गात फार मजा येते.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. माझ्या पेटीच्या खालच्या कप्प्यात एक काचेचा मणी आहे. आबासाहेबांनी करंड्यातून काढून तो कुंडलिकरावांना परत दिला, तेव्हा रंभाबाईने अडवले होते. असाच ठेवू नका, ती म्हणाली होती, शंभर वर्सांनी कुनाला घावला तर पुन्ना राणी येईल आनि पुन्ना माझ्या नातसुना गढूळ पाणी पितील. म्हणून मास्तरांनी त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली. 'सोलापूरच्या बाजारातला मणी. बिरदेवने टाकला. कॅमेऱ्यासमोर.'

माझी पेटी पुसाल तेव्हा जपून पुसा. चाकांना तेलाचा एक थेंब द्या, एकच पुरे. झटकताना तो मणी कुठे हरवला तर हरवू द्या, त्याचे काही नाही. चिठ्ठी मात्र हरवू नका.