सहाव्या दिवशी उघडलेली बाटली

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. एका घाबरलेल्या बाईची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण मधेच उठू नका.

"काकू, दार लावा की! ऊब जातेय सगळी," कामावरची जोडीदारीण पाठीमागून ओरडली.

काकूंनी इन्क्युबेटरचं, म्हणजे पेशी उबवायच्या कपाटाचं, दार लावलं. बाटली मात्र हातातच राहिली.

त्या प्रयोगशाळेत काकूंना एकवीस वर्षं झाली होती. गर्भवतीच्या पोटातून सुईनं काढलेलं पाणी तिथे यायचं. त्यात बाळाच्या अंगावरून सुटलेल्या थोड्या पेशी असायच्या. त्यांना बाटलीत घालून ऊब द्यायची, खाऊ द्यायचा, दहा-अकरा दिवस वाढू द्यायचं. मग त्या एकीच्या दोन होत असतानाच औषध घालून जागच्या जागी थांबवायचं, काचेवर पसरायचं आणि गुणसूत्रं मोजायची. सेहेचाळीस भरली की जीव भांड्यात. काकू एक तासही घाई करत नसत, म्हणून सगळे त्यांना 'घड्याळकाकू' म्हणत.

हातातल्या बाटलीवर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. पण सोबतच्या चिठ्ठीवर दवाखाना होता, सुईचा दिवस होता, आईचं वय होतं. ती चिठ्ठी त्यांच्या लेकीची होती. लेकीचं पहिलं बाळ नऊ दिवसांत गेलं होतं, एक गुणसूत्र जास्तीचं होतं म्हणून. आपल्या माणसाचा नमुना आला की सांगायचं आणि बाजूला व्हायचं, हा नियम काकूंनीच नव्या मुलींना शिकवला होता. या खेपेला त्या गप्प राहिल्या.

लेक रोज फोन करायची.

"आई, कळलं का गं काही?"

"अगं, आत्ता कुठे पाच दिवस झालेत."

"मला पोटावर हात ठेवायचीसुद्धा भीती वाटते. लळा लागला तर?"

सहाव्या दिवशी काकूंनी त्या बाटलीत थांबवायचं औषध घातलं.

आता मंडळी, पेशीची रीत समजून घ्या, म्हणजे काकूंनी काय केलं ते कळेल. प्रत्येक पेशीपाशी एक पोथी असते. डीएनए म्हणतात तिला. एकमेकांना पीळ घातलेले दोन लांबच लांब धागे, त्यांवर चार प्रकारचे मणी, आणि कुठल्या मण्यासमोर कुठला बसायचा हे कायमचं ठरलेलं. पेशीला एकीच्या दोन व्हायचं असलं, की ती आधी ही पोथी पुरती उतरवून घेते. का? अहो, अर्धी पोथी घेऊन निघालेल्या लेकीनं संसार करायचा कसा? रक्त कसं करायचं ते एकीपाशी आणि हाड कसं करायचं ते दुसरीपाशी, अशी वाटणी चालत नाही. दोघींना सगळंच लागतं. म्हणून पीळ उलगडतो, धागे सुटे होतात, आणि प्रत्येक सुटा धागा आपल्यासमोर मणी मणी ओवून नवा सोबती करून घेतो. एकीच्या दोन पोथ्या! दोन्हींत एक धागा जुना, एक नवा. म्हणजे आईचा हात कुठल्याच लेकीच्या हातून सुटत नाही. मागून तपासणारेही असतात. चुकलेला मणी काढतात, बरोबर बसवतात. हे सगळं झालं की धागे आखडून जाड होतात, तेव्हाच गुणसूत्रं डोळ्यांना दिसतात, आणि मगच पेशी दुभंगते. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला देवानं केवढा धीर दिलाय! तेवढा धीर त्या दिवशी काकूंपाशी नव्हता.

त्यांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मोजके गोल ठिपके दिसले, मिटलेल्या मुठींसारखे. कुणी अजून पोथी उतरवत होतं, कुणी सुरुवातही केली नव्हती. मोजण्यासारखं एकही गुणसूत्र नव्हतं. आणि औषध घातलेली बाटली परत वाढत नाही.

नियमानं प्रत्येक नमुन्याच्या दोन बाटल्या करत, दोन वेगळ्या कपाटांत ठेवत. दुसरी शाबूत होती. तीही गेली तर लेकीच्या पोटात पुन्हा सुई, आणि त्या सुईनं नीट असलेलं बाळही दगावू शकतं. 'वाढल्यात की नाही, एकदा नुसतं बघते,' असं मनाशी म्हणता म्हणता त्यांचा हात दुसऱ्या कपाटाच्या मुठीवर पडला. आपलाच हात बघून त्या हबकल्या. हा हात थांबणारा नाही, हे त्यांना कळलं.

त्या तशाच मोठ्या डॉक्टरबाईंकडे गेल्या.

"बाई, माझ्या लेकीचा नमुना आहे. मी सांगितलं नाही. एक बाटली घालवली मी."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही? घड्याळकाकू?"

"हो. आणि तिथे राहिले तर दुसरीही उघडेन. ही कपाटांची किल्ली घ्या."

"काकू, हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा. पण आधी किल्ली घ्या."

लेकीपासूनही त्यांनी लपवलं नाही, फोन करून सगळं सांगितलं.

"आणि दुसरी बाटली?" लेकीनं विचारलं.

"तिला मी शिवणार नाही."

"मग काम झालं की इकडे ये. एकटी नको बसू घरी. दोघी मिळून घाबरू."

काकूंना बाटल्या धुण्याच्या खोलीत बसवलं. तिथून प्रयोगशाळेत उघडणारं एक दार होतं. त्या पाण्याचा नळ सोडत आणि दाराकडे बघत.

"काकू, एवढ्या रोखून बघू नका," जोडीदारीण म्हणाली, "पेशी लाजतील बिचाऱ्या."

काकूंना हसू आलं, आणि हसता हसता रडूही.

अकराव्या दिवशी जोडीदारणीनं मोजायला घेतलं. ती नेहमी मनातल्या मनात मोजायची. त्या दिवशी तिनं दार किलकिलं ठेवलं आणि मोठ्यानं सुरुवात केली. काकूंनी नळ बंद केला.

"चव्वेचाळीस... पंचेचाळीस... सेहेचाळीस."

मग काहीच ऐकू आलं नाही. काकूंच्या हातातल्या बाटलीवरून साबणाचा फेस कोपरापर्यंत ओघळला. ओठांवर देवाचं नाव अर्धंच आलं होतं.

"दुसरी पेशी," आतून आवाज आला. "एक... दोन..."

वीस पेशी मोजायच्या असतात. वीसही वेळा ती सेहेचाळीसावर थांबली, आणि वीसही वेळा काकू पुढचा आकडा येतो की काय म्हणून कान लावून उभ्या राहिल्या.

लेकीचं बाळ आता पाटी-दप्तर घेऊन शाळेत जातं. काकूंना किल्ली परत मिळाली नाही. त्यांनीही मागितली नाही. निवृत्त होईपर्यंत त्या बाटल्याच धूत राहिल्या, आणि त्यांनी धुतलेल्या बाटलीत कधी डाग राहिला नाही.

मंडळी, कधी तुम्हीही कुठल्याशा निकालाची वाट बघत बाकावर बसाल. तेव्हा त्या घाबरलेल्या बाईची आठवण काढा. ओल्या हातांनी, किलकिल्या दाराबाहेर, ती अजून उभी आहे असं समजा.